शेजारच्या लेनमधला ट्रक

टोलनाक्यावर रुजू झाले त्या दिवशी आम्हा मुलींना दोनच गोष्टी शिकवल्या. पावती देताना हसायचं आणि ‘शुभ प्रवास’ म्हणायचं. खिडकीपलीकडचा माणूस काय म्हणेल, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते दुपारी डबे उघडेपर्यंत आमचं आम्हालाच कळलं.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता तेव्हा नुकताच रुंद झाला होता. टोलच्या खिडक्यांत आधी पुरुषच बसायचे. मग केबिनमध्ये कॉम्प्युटर आले आणि वरच्या साहेबांना वाटलं, मुली बसवल्या तर भांडणं कमी होतील. भांडणं कमी झाली नाहीत, फक्त भांडणाऱ्याला आधी एकदा दचकावं लागायचं. “अरे, लेडीज आहे,” असं म्हणून काहीजण आवाज खाली आणायचे आणि पावती हातात पडली की पुन्हा वर न्यायचे.

त्या ‘शुभ प्रवास’नं तर माझ्या जिभेवर घरच केलं होतं. एकदा सुट्टीच्या दिवशी धायरीहून मंडईला निघाले होते. बसच्या कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं आणि मी हसून त्यालाच म्हणाले, “शुभ प्रवास.” त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“प्रवास तुम्ही करताय,” तो म्हणाला. “मी नोकरी करतोय.”

अख्खी बस हसली. मला राग यायला हवा होता, कारण माझा राग तसा सदैव तयार असतो. पण तो माणूस मला फार आवडला.

मी यवतमाळकडची. पुण्याला आले ती काही टोल गोळा करायला नव्हे. त्या वर्षांत आमच्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडी आयटी होतं. पोरगं किंवा पोरगी बरी शिकली की दोनच ठिकाणी जाते असं लोक धरून चालायचे, एक अमेरिका आणि दुसरं पुणं, आणि पुण्याला एसटी जायची. बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला, धायरीत दोघींबरोबर खोली घेतली आणि काचेच्या इमारतींचे उंबरे झिजवायला लागले. तिथे गारेगार हवेत बसवून “स्वतःबद्दल इंग्रजीत सांगा” म्हणायचे. मराठीत विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सांगितलं असतं. इंग्रजीत माझं नाव आणि गाव सांगून झालं की संपायचं. मग नाक्यावर कॉम्प्युटर येणाऱ्या मुली हव्यात असं कळलं, गेले आणि लागले. न्यायला-आणायला कंपनीची गाडी, महिन्याच्या महिन्याला पगार, बसायला फिरती खुर्ची. मला ती नोकरी मनापासून आवडली.

आवडली नाही ती माझ्या वडिलांना.

वडील ट्रक चालवायचे. ट्रक त्यांचा स्वतःचा होता, मी बालवाडीत असताना घेतलेला. पुढच्या काचेच्या वर, जिथे लोक देवाचं नाव लिहितात तिथे, त्यांनी माझं नाव लिहून घेतलं होतं. पिवळी अक्षरं, दोन्ही बाजूंना एकेक हिरवा पोपट. आमच्या गावात मला कुणी अमक्याची मुलगी म्हणून ओळखायचं नाही, वडिलांनाच माझ्या नावाचा ट्रकवाला म्हणायचे. त्या ट्रकमधून ते संत्री घेऊन पुण्याला यायचे, अर्धा माल मार्केट यार्डात उतरवून पुढे कोल्हापूरला जायचे आणि येताना गूळ भरून आणायचे. म्हणजे माझ्या नाक्यावरूनच जायचे, दर फेरीला.

नोकरी लागल्याचं मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं.

“म्हंजे रस्त्यावर बसनार तू,” ते म्हणाले.

“रस्त्यावर नाई बाबा, केबिनमधी. कॉम्प्युटर हाय, पंखा हाय.”

“खिडकीतून मानसं काय बोलतात, थे माहीत हाय का तुले? मले माहीत हाय. सोडून दे.”

“नाई सोडत,” मी म्हणाले.

ते ज्या सुरात बोलले त्याच सुरात मी बोलले. तो सूर मी त्यांच्याकडूनच घेतला आहे, त्याला मी काय करू? त्यांनी फोन आईच्या हातात दिला आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. मी फोन केला की आई घ्यायची. मागे ते खोकलेले ऐकू यायचे, पण फोनवर यायचे नाहीत.

पुढे त्यांची फेरी आली. दुपारची वेळ होती. लांबून पोपट दिसले आणि मग माझं नाव दिसलं. तोपर्यंत मनात मी जोरदार तयारी केली होती. आधी त्यांनी बोलायचं की मी, रागावल्यासारखं करायचं की हसायचं, सगळं ठरलं होतं. ट्रक रांगांच्या तोंडाशी आला, क्षणभर थबकला आणि वळून शेजारच्या लेनमध्ये शिरला. माझं नाव माझ्या डोळ्यांदेखत शेजारून निघून गेलं. वडील समोर बघत होते. मान जरासुद्धा वळली नाही.

रोज शेकडो परक्या माणसांना शुभ प्रवास म्हणायचे आणि ज्या एकाला खरोखर म्हणायचं होतं तो दुसऱ्या खिडकीतून जायचा. मला तेव्हा फार लागलं. ते लागलेलं मी त्या दिवशी मागून आलेल्या एका निष्पाप टेम्पोवाल्यावर काढलं.

शेजारच्या लेनवर जी मुलगी बसायची ती तिथल्याच, नाक्याजवळच्या गावची. तिच्या घरची जमीन काही रस्त्यात गेली होती आणि उरलेली बिल्डरकडे. तिच्या खिडकीत निम्मं काम नात्यागोत्याचं चालायचं. गाडी थांबली की “गावचा हाय” असं आतून ऐकू यायचं. गावच्या गाड्यांना माफी होती, पण ही आत वाकून बघितल्याशिवाय आडवा दांडा वर करायची नाही. “मामा, तुम्ही गावचं. ही मागं बसलेली चौघं कुठली?” असं विचारायची. मामांची पंचाईत व्हायची. ही पोरगी पहिल्या आठवड्यातच माझी जिवाभावाची झाली.

दोन-तीन फेऱ्या अशाच गेल्यावर डबा खाताना ती मला म्हणाली, “एक सांगू का? तुझं बाबा येडं हायत.”

“ए!”

“अगं, ऐक तर. त्या टोकाच्या लेनी मोकळ्या असत्यात. तिकडनं गेलं तर दोन मिनिटांत सुटतील. पन न्हाई. माझ्याच लेनीत येत्यात अन् रांगेत उभं ऱ्हात्यात. सारखं तुझ्या केबिनकडं बघत्यात. तू मान वर केलीस की मग रस्त्याकडं.”

मी जेवायची थांबले.

“अन् काल काय इचारलं ठाव हाय? ‘शेजारची पोरगी डबा आनते का?’ म्हनलं, आनते. तर म्हनलं, ‘खाते का?’”

मी तिच्यासमोर रडले नाही. हात धुवायला म्हणून गेले आणि नळाशी उभी राहिले.

त्यानंतरच्या फेरीला त्यांनी तिच्या खिडकीतून संत्र्यांची एक पिशवी आत ढकलली आणि “समद्यायनं वाटून खा” असं सांगितलं. समद्यांत मी होते की नव्हते, यावर आम्ही दोघींनी पुष्कळ खल केला आणि शेवटी मीच सगळ्यांत जास्त खाल्ली. पण खिडकी त्यांनी बदलली नाही. मीही हट्टानं त्यांना फोनवर बोलवून घेतलं नाही. आई दोघांच्या मध्ये सापडली होती. ती म्हणायची, “तुमी दोघं एकाच मातीचे हा व. मी कोनाले समजावू?”

नाक्यावर रोजचे येणारे पुष्कळ होते. शुक्रवारी संध्याकाळी आयटीवाल्या पोरांच्या गाड्या महाबळेश्वरकडे निघायच्या. आत गाणी, मागच्या खिडकीतून एखादा कुत्रा डोकं बाहेर काढून बसलेला, आणि “मॅम, प्लीज फास्ट करा ना, ऑलरेडी लेट झालंय यार.” रविवारी मला परतीच्या बाजूला बसवलं की तीच पोरं सुकलेली दिसायची. हातात स्ट्रॉबेरीच्या पेट्या. त्यातली एखादी मुलगी कधीतरी पेटी उघडून पुढे करायची, “घ्या ना एक,” आणि मी घ्यायचे. या मुलींसारखी व्हायलाच मी आले होते. पण त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, आणि ते मला स्वतःलाही जरा नवल वाटायचं.

आणि एक शनिवार पेठेतले काका होते. सत्तरीला टेकलेले, छोटी पांढरी गाडी, पुढे शिरवळला कसलासा कारखाना. रोज सकाळी माझ्याच लेनमधून जायचे आणि रोज एक वाक्य सुनावून जायचे. पहिल्यांदा म्हणाले, “शनिवार पेठेतून इथवर यायला जेवढा वेळ लागला तेवढाच या रांगेत लागला. या रस्त्याला जलद का म्हणतात, ते पावतीवर छापा.” एकदा खड्ड्यांवरून म्हणाले, “आम्ही पैसे रस्त्याचे देतो की खड्ड्यांचे? खड्ड्यांचे असतील तर स्वस्त आहे.” मी ‘शुभ प्रवास’ म्हटलं की म्हणायचे, “आपण शुभेच्छा दिल्यात, आता रस्ता तेवढा द्या.” आवाज चढवायचे नाहीत, कधी ‘अगं-तुगं’ करायचे नाहीत. एखाद्या दिवशी आले नाहीत की मला चुकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी विचारावं तर उत्तर तयार: “काल आपल्या रस्त्याशिवाय जगून पाहिलं. जमतं.”

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो पावसाळ्यानंतरचा, लख्ख उन्हाचा होता. वडिलांचा ट्रक शेजारच्या रांगेत, पुढून तिसरा वगैरे. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यात माझ्या खिडकीशी एक मोठी काळी गाडी आली. आतल्या माणसाला पैसे मागितले याचाच राग आला. मला ओळखत नाहीस का, इथपासून सुरुवात झाली. मी ओळखत नाही म्हटल्यावर त्यानं बायकांना बोलू नये असं एक काहीतरी बोलून नोट माझ्या तोंडावर भिरकावली. नोट केबिनच्या कडेला आपटली आणि बाहेर रस्त्यावर पडली.

“उचल,” तो म्हणाला.

नाक्यावर हे नवीन नव्हतं. नोटा फेकायचेच लोक. आत पडली तर आम्ही उचलून घ्यायचो, बाहेर पडली तर दार उघडून उतरायचो आणि चाकाजवळून वेचून आणायचो. मागची रांग ओरडत असायची, भांडायला वेळ कुणाला होता? त्या दिवशी मात्र माझं डोकं असं तापलं, की त्यामुळेच बहुतेक आवाज अगदी शांत निघाला.

“आपली नोट पडली आहे,” मी म्हणाले. “उचलून हातात द्या. मग दांडा वर जाईल.”

मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. मागून हॉर्न सुरू झाले. तो आणखी बोलला, बरंच बोलला. मी समोर बघत राहिले, आणि समोर बघताना मला शेजारच्या रांगेतला ट्रक दिसला. वडिलांनी दार उघडलं होतं. एक पाय पायरीवर होता. त्यांचा चेहरा मी घरी क्वचितच तसा पाहिला होता, आणि तसा पाहिल्यावर घरी कुणीतरी मार खाल्लेला होता.

ते उतरले असते तर त्या माणसाचं काय झालं असतं, मला माहीत आहे. माझी नोकरीही त्याच दिवशी संपली असती, कारण मग ‘मुली बसवल्या की भांडणं होतात’ असं ठरलं असतं. आणि त्यांचं म्हणणं खरं झालं असतं. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि मान हलवली. नाही. उतरू नका.

कितीतरी दिवसांनी त्यांची माझी नजरानजर झाली ती अशी. त्यांचा पाय पायरीवर तसाच राहिला. इकडे मागच्या गाड्यांतले लोक उतरून काळ्या गाडीपाशी जमायला लागले. अखेर तो माणूस दार आपटून उतरला, वाकला, नोट उचलली आणि माझ्या हातात दिली. मी पावती फाडली.

“शुभ प्रवास,” मी म्हणाले. हसायचंही विसरले नाही.

वर पाहिलं तर ट्रकचं दार लागलेलं होतं. शेजारची रांग पुढे सरकली, माझं नाव शेजारून निघून गेलं. वडील समोर बघत होते.

चार-आठ दिवसांनी आईशी बोलले. मी काहीच सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं.

“आल्यापासून गप हायेत,” ती म्हणाली. “काल जेवता जेवता म्हने, पोरगी वाकली नाई. मंग हात तसाच ताटात. म्हने, आपुन जिंदगीत अशा किती नोटा फेकल्या असतीन व.”

“आता कुठे हायेत?” मी विचारलं.

“गाडी रंगवाले टाकली हाय. दसऱ्याच्या आधी नवी करून घेतो म्हने. समदं खरवडून.”

तो फोन ठेवल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. समदं खरवडून म्हणजे काय काय? पोपटांचं मला काही नव्हतं. पण माझं नाव? बोलणं बंद झालं तरी दर फेरीला ते नाव बघून मी स्वतःची समजूत घालत होते, की अजून आहे, अजून पुसलेलं नाही. आता आयतीच संधी आली होती. ‘पोरगी वाकली नाई’ यात कौतुक होतं की त्यांच्यापुढेही वाकली नाही याचा राग, हे आईच्या आवाजावरून काही केल्या कळेना. शेजारच्या लेनवरच्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, “नाव पुसलं तर मी पुढच्या टायमाला त्यांची संत्री घ्यायची न्हाई. परत करनार.” संत्र्यांवर पाणी सोडायची तयारी म्हणजे तिच्या बाजूनं मोठाच त्याग होता.

दसरा झाला. नाक्यावरून झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या जायला लागल्या. सकाळच्या गर्दीची वेळ होती, सगळ्या लेन तुडुंब भरलेल्या, आणि लांबवर एक नवाकोरा ट्रक दिसला. निळा रंग इतका चकचकीत, की आधी तो आमचा वाटलाच नाही. मग पिवळी अक्षरं दिसली. नाव होतं. पूर्वीपेक्षा मोठं, खाली लाल छाया देऊन काढलेलं. पोपटही होते, जरा लठ्ठ झालेले. मी खुर्चीत बसल्या बसल्या एवढा मोठा श्वास सोडला, की समोरच्या रिक्षा-टेम्पोवाल्यानं विचारलं, “काय झालं, मॅडम?”

मग लक्षात आलं, ट्रक वळला नाही. माझ्याच रांगेत उभा होता.

पुढच्या गाड्यांना मी कशा पावत्या दिल्या कुणास ठाऊक. ट्रक खिडकीशी आला. वरून हात आला, अंगठ्याजवळ जुनी जळाल्याची खूण असलेला. नोट त्यांनी फेकली नाही, दिलीही नाही. माझ्या तळव्यावर ठेवली आणि वर बोटांनी जरा दाबली.

पावती देताना मला ‘शुभ प्रवास’ म्हणायचं होतं. जे शब्द मी झोपेतसुद्धा म्हणत असेन, ते येईनात. “जेवले का, बाबा?” एवढंच तोंडून निघालं. सकाळची वेळ, जेवायचा काही संबंध नव्हता.

“मांगं लाइन लागली हाय,” ते म्हणाले. “काम कर तुयं.”

ट्रक पुढे गेला. त्याच्या मागे शनिवार पेठेतल्या काकांची छोटी पांढरी गाडी होती. मी डोळे पुसून हात पुढे केला आणि रोजच्या वाक्याची वाट पाहिली. काकांनी मोजके सुटे पैसे हातावर ठेवले आणि गप्प बसले.

“आज काही बोलला नाहीत,” मी म्हणाले.

“सोय राहिली नाही. समोरच्या ट्रकनं ताकीद दिली आहे. सगळी रांग संपेपर्यंत तीच वाचत होतो.”

“काय लिहिलंय?”

काकांनी चष्मा वर केला आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, “‘टोलवर नीट बोला. खिडकीत माझी लेक बसते.’ खाली तेच हिंदीतही आहे, परप्रांतीयांच्या सोयीसाठी.” मग जरा थांबून म्हणाले, “कुठल्या खिडकीत, ते लिहिलेलं नाही. त्यामुळे सगळीकडेच नीट बोलावं लागणार. गैरसोय आहे.”

“याच खिडकीत,” मी म्हणाले. “वडील आहेत माझे.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे गेलेल्या ट्रकच्या दिशेनं पाहिलं.

“मग अहो, दांडा वर करा लवकर,” ते म्हणाले. “मला त्यांना गाठून नमस्कार करायचा आहे.”

त्यानंतर वडील नेहमी माझ्याच लेनमधून जायला लागले. फोनवरही यायला लागले, अर्थात तक्रारी करायलाच. रांग हळू चालते, पंखा तिकडे तोंड करून का ठेवतेस, डब्यात भाजी कोणती होती. ट्रकच्या मागचं ते लिहिलेलं मात्र मी फार दिवस स्वतः वाचलंच नाही. माझ्या खिडकीतून येणाऱ्या ट्रकचं तोंड तेवढं दिसतं, आणि ट्रक पुढे गेला की मागची गाडी आलेली असते. तोंडावर माझं नाव होतं, ते मी वाचायचे. मागचं, मागे उभे असलेले लोक वाचायचे. त्यांच्यातले बरेचजण खिडकीशी आले की आधी “नमस्कार, ताई” म्हणायचे, आणि त्यावरून मला कळायचं, की आज बाबा गेलेत वाटतं इथून.